गाठीच्या काट्यावर दोन गाड्या

पन्नाशीला माणसानं काय घ्यावं याबद्दल आमच्या घराण्यात मतं ठरलेली आहेत. चष्मा घ्यावा, गुडघ्याला लावायचं तेल घ्यावं, फार तर एक आरामखुर्ची घ्यावी. मी मोटारसायकल घेतली. तीही साधी नाही, लांबच्या प्रवासाची. उंच, रुंद, दोन्ही बाजूंना पेट्या अडकवायची सोय असलेली, आणि टाकी एवढी ऐसपैस की वर ताट ठेवून जेवता यावं. मला लडाखला जायचं होतं. अमरावतीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लडाखला का जावंसं वाटतं, असं कुणी विचारलं तर मी त्याला माझ्या एका तासाला मागच्या बाकावर येऊन बसायला सांगतो.

बायकोनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि म्हणाली, "गाडी जाईल लडाखला. तुम्ही कुठवर जाता ते बघू."

मी मोर्शीपर्यंत गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या. पाण्याअभावी तोडलेल्या बागांचे बुंधेही बरेच होते, त्यामुळे थांबून फोटो काढावा असं काही वाटलं नाही. मग एकदा कौंडण्यपूरला गेलो. तिथे देवळाकडच्या उतारावर गाडी उभी करताना ती माझ्या अंगावर कलली. मी तिला धरलं, तिनं मला धरलं, आणि आम्ही दोघं सावकाश जमिनीवर आलो. दर्शनाहून परतणाऱ्या चार माणसांनी आधी गाडी उचलली, मग मला. घरी मी एवढंच सांगितलं की दर्शन छान झालं.

माझी गाडी जड आहे हे मला असं आधीपासून माहीत होतं. पुढचं समजायला तेवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता काका. अकोल्याचे काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. सत्तरी ओलांडलेली, अंग सुकलेलं, मिशी मात्र भरगच्च. आमच्या घराण्यातली पहिली मोटारसायकल त्यांनी घेतली होती, आणि ती अजून त्यांच्याकडेच होती. काळी, साडेतीनशेची, किक मारून सुरू होणारी. आमच्या लहानपणी तिला सगळे फटफटी म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात काका याच गाडीवर काकूंना मागे बसवून थेट ओंकारेश्वरला जाऊन आले. काकू अजून सांगतात, "जातानी देवासाठी गेलतो. येतानी पाठीसाठी नवस बोलून आलो."

काकांची सगळी नोकरी जिनिंग-प्रेसिंगमध्ये काट्यावर गेली. शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या, काका कापूस तोलायचे. पुढं जिनिंग बंद पडलं, काका घरी बसले, पण काटा काही त्यांच्या डोक्यातून उतरला नाही. माणूस चांगला असला तर ते त्याला वजनदार म्हणत आणि वाईट असला तर पोचट. एखाद्याचं लग्न जमलं तर मुलगी काय करते हे विचारायच्या आधी व्याही वजनात कसा आहे ते विचारत. आणि स्वतःच्या गाडीबद्दल त्यांचं एक वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो.

"रुईची दाबलेली गाठ एकशे सत्तर किलोची राह्यते. माही गाडी गाठीपेक्षा जड हाये. आजकालच्या गाड्या म्हंजे निस्ते फुगे."

या गाडीवर काका दर सोमवारी हिवरखेडला जात. तिथं माझी आत्या राहते, काकांची थोरली बहीण, ते तिला बाई म्हणतात. तिच्या घरची कपाशी आणि त्याला जोडून वांगी, मेथी, शेवंती. अंगण म्हणजे अर्धा मळाच, दारातून उतरलं की पाय वाफ्यात.

बोंडअळीनं खाल्लं ते वर्ष. माझ्या आतेभावानं उभी कपाशी मोडून रोटाव्हेटर फिरवला आणि तेव्हापासून तो ओट्यावर बसून असे. एरवी गावातला बोलका माणूस. कुणाच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला की पंगत हसून हसून ठसका लागेपर्यंत यायची. त्या वर्षी त्याचं सगळं बोलणं हो आणि नाही यातच आटोपायला लागलं.

त्या दिवसांत आमच्याकडं एक रिवाज पडला होता. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं. अशा घरी नात्यातल्या कुणी ना कुणी उगाच जाऊन यायचं. कुणी लोणच्याची बरणी द्यायला जाई, कुणी पत्रिका दाखवायला, कुणी विळा धार लावून आणायला. खरं कारण कुणी तोंडानं बोलत नसे. आल्यावर घरात एकच प्रश्न असायचा, "का करते?", म्हणजे काय करतोय तो, आणि "बसला होता, चहा पेला," एवढं ऐकलं की घरातल्या बायका कामाला लागत. हिवरखेडची पाळी काकांकडे होती. आत्यानं फोनवर त्यांना सांगितलं होतं, "येत जा रे लहान्या. तुही फटफटी वळनावर वाजली का तो उठून बसते. तुह्यासंगं दोन शब्द बोलते." सत्तरीच्या माणसाला लहान्या म्हणणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

एसटीनं जायचं तर अकोटला गाडी बदलावी लागे, आणि अकोट रस्ता तेव्हा रुंदीकरणासाठी असा खोदून ठेवला होता की एसटी कधी पोचेल हे ड्रायव्हरही सांगत नसे. मोटारसायकल होती म्हणून काकांचा सोमवार होता.

आणि एका सोमवारी ती गाडी आत्याच्या वांग्यात पडली.

वाफ्यांना सकाळीच पाणी दिलेलं. काळ्या मातीत स्टँड हळूहळू खचला आणि गाडी वांग्यांवर निजली. काकांनी एकट्यानं उचलायचा प्रयत्न केला. गाडी उठली नाही, कंबर मात्र लचकली. त्या दिवशी काका आणि त्यांची गाडी दोघं मेथीच्या टेम्पोत बसून अकोल्याला परत आले. मेथी ताजी होती, एवढीच काय ती त्या प्रवासाची चांगली बाजू.

चार-आठ दिवसांनी काकूंचा मला फोन आला.

"रईवारी तुही नवी गाडी घेऊन ये. त्यायले दाखव. कशी हलकी हाये, बटन दाबलं का सुरू होते, समदं दाखव. हे धूड इका म्हनावं अन् अशी घ्या म्हनावं. नाई तं घरी बसा."

"काकू, पण माझी गाडी तशी..."

"पन-बिन काही नाई. रोडगे लावतो, ये."

कणकेच्या, निखाऱ्यावर भाजून तुपात बुडवलेल्या काकूंच्या रोडग्यांपुढे माझ्या घशातून कधी शास्त्रीय सत्य बाहेर पडलेलं नाही. रविवारी सकाळी निघालो, मूर्तिजापूरला चहा घेतला, आणि अकोल्यात काकांच्या दारात गाडी उभी केली. घराच्या फरशीवर केली, त्यामुळे ती उभी राहिली.

काका बाहेर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग टरबूज पारखतात तसं बोटाच्या पेरानं तिच्या बाजूच्या पॅनलवर टकटक केलं.

"पोचट हाये."

"पाहा कशी हलकी दिसते," काकू दारातून म्हणाल्या.

"हलकी हाये म्हनून तं घेत नाई. रस्त्यावर गाडी वजनानं टिकते."

"अन् वांग्यात वजनानंच पडते."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. मी मधे पडायचं ठरवलं. माझ्या खिशात गाडीची पुस्तिका होती आणि तिच्यात वजन छापलेलं होतं.

"काका, खरं म्हणजे पुस्तिकेत असं लिहिलंय की..."

"पुस्तकाचं सांगू नको मले. कंपनी कोरडं वजन लिहिते. तेल नाई, पेट्रोल नाई, काही नाई. आमी पन कापूस तोलला बे जिंदगीभर. वाळलेल्याचं वजन अन् ओल्याचं वजन, फरक मले नको शिकवू."

हे मात्र अगदी खरं होतं. जुन्या कंपन्या कोरडं वजन सांगत आणि नव्या बहुतेक भरल्या टाकीचं, त्यामुळे कागदावर दोन गाड्या शेजारी ठेवून काहीच कळत नाही. मी पुस्तिका परत खिशात ठेवली.

"मंग तोला ना दोनी," काकू म्हणाल्या. "तुमची जड निघाली तं सोमवारपासून गाडी बंद. पक्कं?"

"पक्कं!" काका उसळून म्हणाले. "जड निघाली नाई तं मिशी काढून देतो!"

"अन् ह्याची जड निघाली," काकूंना हसूच आलं, "तं तुमी खुशाल उंडारा मंग. मी काई बोलनार नाई."

काका स्वतःच्याच विरुद्ध पैज लावून बसले होते. जिंकले तर गाडी जाणार होती. हरले तर गाडी राहणार होती, पण आयुष्यभराचं वाक्य जाणार होतं. आणि मिशीही. मी काकांकडे बघून भुवया उडवून खूण केली. ते म्हणाले, "डोळ्यात काही गेलं का?"

काकांच्या जुन्या काट्यावरचे त्यांचे जोडीदार, एक मापारी चाचा, शहराबाहेरच्या दुसऱ्या जिनिंगमध्ये लागले होते. तिकडं निघालो. काका त्यांच्या गाडीवर, आणि माझ्या मागे काकू. "मी येतो. तुमच्या तोलन्यावर भरोसा नाई माहा," असं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि माझ्या खांद्याला धरून वर चढल्या. सीट उंच होती. "काहून रे एवढी उंच? उंटाची हाये का?"

एरवी त्या महिन्यात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग टेकड्यांसारखे असतात. त्या वर्षी एक ढीग होता, त्याच्यावर एक कुत्रं झोपलं होतं. हमाल शेडच्या सावलीत बसलेले. मापारी चाचा, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, काट्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. काकांना बघून उठून उभे राहिले.

"आव भाई, आव. का आनलं? कापूस तं दिसत नाई."

"गाड्या तोलाच्या हायेत."

चाचांनी काही आश्चर्य दाखवलं नाही. त्या वर्षी त्यांच्या काट्यावर कोणी म्हैस आणली असती तरी त्यांना बरंच वाटलं असतं. त्यांनी दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ओल किती हाये?"

हमाल उठून आले. दोन मिनिटांत त्यांचे दोन तट पडले, जुनीवाले आणि नवीवाले. जुनीवाल्यांची संख्या जास्त होती. लोखंडावरचा विश्वास आमच्याकडे देवावरच्या विश्वासासारखा आहे, पुरावा मागत नाही.

गाठी तोलायचा काटा जमिनीबरोबर बसवलेला लोखंडी चौथरा होता, शेजारी डब्यात लाल आकडे. काकांची गाडी आधी चढवली. आकडे वरखाली नाचले आणि एकशे चौसष्टवर येऊन थांबले.

"गाठ नाई भरली," एक हमाल हळूच म्हणाला.

चाचा सवयीनं म्हणाले, "दोन किलो कडता कापला तं एकशे बासष्ट."

कडता म्हणजे कापसातल्या ओलीपोटी, कचऱ्यापोटी तोलातून आधीच वजा करायचं वजन. तो शब्द ऐकला की शेतकरी भांडायला उठतो. काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या कापसातून कडता कापला होता. आज तो शब्द स्वतःच्या गाडीवर आल्याबरोबर ते ओरडले, "कडता कापू नको! गाडी हाये, कापूस नोय!"

"बरं बरं, नाई कापत. आदत हाये," चाचा म्हणाले.

मग माझी गाडी. दोन हमालांनी धरून चढवली. आकडे वर गेले, जातच राहिले, आणि एकशे सत्त्याण्णववर बसले.

ढिगावरचं कुत्रं उठून दुसऱ्या कुशीवर झोपलं.

"टाकी," काका म्हणाले. "माही अर्धी हाये. ह्याची फुल्ल असन."

चाचांनी दोन्ही टाक्यांत डोकावून हिशेब केला. काकांची तुडुंब भरली असती तरी पाच-सहा किलोचा फरक पडला असता. तेहतीसचा फरक पेट्रोलनं भरून निघणारा नव्हता. काकांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले, आकड्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "जरा गाडी पुसून आनतो. चिखल हाये चाकाले." चिखल पुसला तर वजन कमी होतं, वाढत नाही, पण हे कोण बोलणार. गाडी ढकलत ते शेडमागे गेले. आम्ही तोवर चहा घेतला.

परत आले तेव्हा गाडी बिलकूल पुसलेली नव्हती.

"आता तोल."

आकडे एकशे एकोणसत्तरवर थांबले. चाचांनी आकड्याकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं, आणि चहाचा पेला तोंडाला लावून त्याच्याआड हसले. या दोन माणसांनी बरोबरीनं कापसाच्या गाठोड्यांतून दगड, विटा, पाणी मारलेल्या सरक्या आणि एकदा तर अख्खा पाटा बाहेर काढला होता. वजन एकदम पाच किलोनं का वाढतं ते चाचांना सांगावं लागत नव्हतं.

काकूंनाही लागत नव्हतं. त्या पुढं झाल्या, गाडीच्या बाजूची हत्यारं ठेवायची लोखंडी पेटी उघडली आणि आतून पाच किलोची पासरी काढली. जुन्या तराजूतलं ओतीव लोखंडी माप, वर कडी असलेलं.

"हे का हाये?"

हमाल आभाळाकडे बघू लागले. काकांचे कान लाल झाले.

"स्टँडखाली ठेवाले घेतली."

"काहून?"

"बाईच्या अंगनात स्टँड खचते ना. खाली लोखंड असलं तं खचत नाई."

हे खोटं त्यांना त्या क्षणी, त्या जागी सुचलं होतं, हे तिथल्या कुत्र्यालाही कळलं असतं. चाचा म्हणाले, "अरे भाई, मागून तं घ्याची. माह्याच काट्याची हाये. ने, ने. आता कोन वापरते, दाराले टेकन लावतो मी तिचं."

पासरीसकट तोललं तरी काकांची गाडी माझ्यापेक्षा अठ्ठावीस किलोंनी हलकी होती. काकू शब्दाच्या पक्क्या. त्यांनी पासरी परत पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "जा सोमवारी. हलकीच हाये म्हने तुमची. मिशी राहू द्या, नाई तं बाई वळखनार नाई."

पैज हरून काकांनी गाडी राखली होती. चेहरा मात्र असा की घराची कौलं उडाली असावीत.

जेवताना त्यांनी एकच रोडगा घेतला आणि तोही कुस्करून ठेवला. मग मला म्हणाले, "तुले मालूम होतं?"

"पुस्तिकेत होतं."

"मंग सांगाचं ना."

"सांगत होतो, काका."

"जोरात सांगाचं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "का भरलं बे त्यात एवढं? माह्या गाडीत इंजन हाये, दोन चाकं हायेत अन् मी हाये."

मी शिकवायला लागलो. मोठी टाकी, मोठी बॅटरी, बटणाच्या स्टार्टरची मोटर, दोन्ही चाकांना डिस्क, ब्रेक लावताना चाक घसरू नये म्हणून वेगळं यंत्र, जाड फ्रेम, लांबच्या रस्त्याला लागणारे मोठे शॉक. जुन्या गाड्या दिसायला भारी, कारण सगळं लोखंड बाहेर दिसतं. नव्या गाड्यांचं वजन प्लास्टिकच्या आत लपलेलं असतं. मी तासाला असतो तसा रंगात आलो होतो. काका ऐकत नव्हते. ते ताटाकडे बघत म्हणाले, "मंग मले उचलली काहून नाई?"

तेव्हा मला कळलं की शेडमागे ती पासरी त्यांनी कशासाठी भरली. गाडी जड असती तर वांग्यातलं ते पडणं गाडीच्या नावावर गेलं असतं. आता काट्यानं ते त्यांच्या नावावर टाकलं होतं. काकूंनाही कळलं असावं, कारण त्यांनी काकांच्या कुस्करलेल्या रोडग्यावर तुपाची आणखी एक धार सोडली.

"तुमी त्याच्यासंगं जा उद्या," त्या मग म्हणाल्या. बोलत होत्या काकांशी, बघत होत्या माझ्याकडे. मी कॉलेजात फोन करून रजा सांगितली. कारण घरगुती सांगितलं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुढं, मी मागं. खोदलेल्या रस्त्यावर काकांची गाडी शेळीसारखी जात होती, या खड्ड्याच्या काठानं, त्या ढिगाऱ्याच्या बाजूनं. माझी गाडी लडाखसाठी बनवलेली, त्यामुळे अकोटच्या रस्त्याबद्दल तिला काही सांगितलेलं नव्हतं. पूर्णेच्या पुलाशी काकांना थांबून माझी वाट बघावी लागली. मी पोचलो तेव्हा पायांनी गाडी सावरून सावरून माझी मांडी थरथरत होती. काकांनी फक्त मिशीवरून हात फिरवला. आदल्या दिवसापासून पहिल्यांदा.

हिवरखेडला वळणावर काकांनी सवयीनं गाडी जरा वाजवली. आत्या दारात येऊन उभी राहिली होती. आतेभाऊ ओट्यावर बसलेला. आमच्याकडे बघून त्यानं मान हलवली आणि परत समोर बघायला लागला. वाफ्यांना पाणी दिलेलं होतंच. आत्याच्या घरी सोमवारी सकाळी पाणी देतात, कारण त्या दिवशी लाईट सकाळची असते.

काका उतरले. गाडी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं त्यांनी पेटी उघडली, पासरी काढून मातीवर ठेवली, पायानं जरा दाबली आणि तिच्यावर स्टँड टेकवला. हात सोडला. गाडी उभी राहिली. हलली नाही, खचली नाही.

काकांनी त्या स्टँडकडे जरा वेळ बघितलं. मला वाटतं, त्यांनाही तो धक्काच होता. मग वळून मला म्हणाले, "पाह्यलं? सांगितलं होतं ना काल."

मी हेल्मेट काढलं, माझ्या गाडीचा स्टँड लावला आणि आत्याच्या पाया पडायला पुढं झालो. वाकलो असेन नसेन, मागं हलकेच पानं मोडल्याचा आवाज आला.

"बसली," आत्या माझ्या डोक्यावरून बघत म्हणाली. म्हैस बसली हे सांगावं तसं.

माझी गाडी शेवंतीत आडवी झाली होती. मी धावलो. पडलेली गाडी एकट्यानं कशी उचलायची याचे व्हिडिओ मी लडाखच्या तयारीत पाहिले होते. गाडीकडे पाठ करायची, हँडल धरायचं, सीटखाली हात घालायचा आणि पायांच्या जोरावर मागं मागं चालायचं. मी पाठ केली, धरलं, जोर लावला. गाडी तसूभर उठली, माझे पाय पाण्यात घसरले, आणि मी वाफ्यात बसलो. गाडी माझ्या पाठीला टेकून पुन्हा आडवी झाली.

ओट्यावरून एक आवाज आला. पहिल्यांदा मला वाटलं ठसका लागला. मग बघितलं तर आतेभाऊ गुडघ्यावर हात मारत होता.

"दादा," तो म्हणाला, आणि त्याला पुढचं बोलताच येईना. मग म्हणाला, "दादा, लडाखले हिवरखेडवरूनच जातेत का?"

आत्यानं त्याच्याकडे बघितलं. मग लगेच पदर तोंडाला लावून ती आत चहा टाकायला गेली. चहाला त्या दिवशी बराच वेळ लागला.

आतेभाऊ ओट्यावरून उतरला, वाफ्यात आला. "मामा, तुमी हँडल धरा. मी मांगून धरतो. दादा, तुमी बाजूले व्हा, अजून पडसान."

"एक, दोन, हां!" काका म्हणाले, आणि गाडी उठली. मीही हात लावला होता, पण तो तसा शास्त्रापुरता. काका धापा टाकत सरळ झाले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उचलली ना?"

"तिघांनी उचलली, काका."

"माहा हात होता ना त्यात. अन् ही तं जड हाये. एकशे सत्त्याण्णव! गाठीपेक्षा जड!"

माझी गाडी मग पासरीवर उभी केली. काकांची त्यांनी आत्याच्या घराच्या भिंतीला टेकवली. ओट्यावर चहा झाला, आणि काकांनी आतेभावाला आदल्या दिवसाची गोष्ट सांगितली. त्या गोष्टीत पासरी घरून विचार करून आणलेली होती, चाचांचा काटा जरा हलका मारत होता, आणि दोन गाड्यांत फरक असा फार नव्हता. आतेभाऊ मधेमधे माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होता. कडत्याचा भाग आला तेव्हा त्यानं स्वतःहून विचारलं, "मामा, तुमच्या काट्यावर माह्या कापसातून किती कडता कापला होता त्या वर्षी?" काका म्हणाले, "तुह्या कापसात पानी होतं बे." मग दोघं त्यावर भांडत बसले. जुनं भांडण होतं. पुष्कळ दिवसांनी बाहेर निघालं होतं.

निघताना आतेभाऊ फाटकापर्यंत आला. "मामा, पुढच्या सोमवारी दोन पासऱ्या आनजा. एक दादासाठी."

घरी परतल्यावर काकूंनी दारातच विचारलं, "का करते?"

"भांडला," काका म्हणाले, आणि अंघोळीला गेले. काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग माझ्या पँटच्या मागच्या बाजूला वाळलेला चिखल बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अन् तुही जड होती तं सांगाचं नाई का रे फोनवर?"

लडाखला मी अजून गेलेलो नाही. हिवरखेडला बऱ्याचदा गेलो, काकांच्या मागं मागं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा आत्याच्या अंगणात, वाफ्यांच्या कडेला, दोन फरश्या मातीत पक्क्या बसवलेल्या होत्या. आजूबाजूला वाळू भरून, पाणी निघून जाईल असा उतार देऊन. काम आतेभावानं स्वतः केलेलं. एक फरशी लहान होती, एक चांगली मोठी. मोठी कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही, नुसतं हातानं दाखवलं.

मी माझी गाडी मोठीवर लावली. काकांनी पेटी उघडली, पासरी काढली, लहान फरशीवर ठेवली आणि तिच्यावर स्टँड टेकवला.

"मामा, फरशी हाये ना आता," आतेभाऊ म्हणाला.

"असू दे," काका म्हणाले. "पेटीत तेवढी नसली तं रस्त्यानं गाडी उडते."